चाळीच्या गणपतीचे नऊ फोटो आणि एक पावतीपुस्तक: घरच्या इतिहासात हे कसं जपायचं?

सोन्नलगीकर | ८ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मागच्या रविवारी आईची जुनी ट्रंक आवरताना तळाशी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात नऊ फोटो निघाले, सात काळेपांढरे आणि दोन रंगीत. सोबत वर्गणीचं अर्धं संपलेलं पावतीपुस्तक आणि लेझमीच्या साखळीतल्या चार-पाच गंजलेल्या चकत्या.

वडील सोलापूरच्या एका मिलमध्ये साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. आम्ही मिलच्या चाळीत वाढलो. मिल बंद पडली, चाळही पाडली. पण त्या चाळीचा गणपती म्हणजे आमच्या घरचं कार्य असायचं. पगाराच्या दिवशी फाटकापाशी टेबल टाकून वर्गणी घ्यायचे. रात्रपाळीवाल्यांना आरती मिळावी म्हणून आरती दोनदा व्हायची. एक संध्याकाळी आणि दुसरी पहाटे पाळी सुटल्यावर. भोंगा झाला की आई निरांजन लावायची. ही पहाटेची आरती मी दुसरीकडे कुठेच बघितली नाही.

वडील आता ८१ वर्षांचे आहेत. डबा समोर ठेवल्यावर त्यांनी सगळ्यात मोठा फोटो उचलला. मंडपापुढे तेवीस माणसं उभी आहेत. त्यांनी पाच नावं सांगितली. सहाव्यावर बोट ठेवून बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "हा रोज माझ्या शेजारच्या साच्यावर असायचा की रे." नाव काही आलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझी मुलगी पुण्यात शिकते. तिला चाळ म्हणजे काय ते माहीत नाही. तिच्यासाठी हे नीट लिहून ठेवायचं आहे. फोटो कसे जपायचे, वडिलांना काय आणि कसं विचारायचं, साल कसं लावायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

---

डार्करूम | ८ डिसेंबर, रात्री ११:०५

दादा, आधी एक करा. हे फोटो कुणालाही देऊ नका, "दोन दिवसांत आणून देतो" म्हणणाऱ्याला तर अजिबात नाही. माझ्या लग्नाआधीचे आमच्या गल्लीतल्या मेळ्याचे सगळे निगेटिव्ह मी एका स्मरणिकेसाठी दिले होते. स्मरणिका निघाली, निगेटिव्ह परत आले नाहीत. वीस वर्षं झाली, अजून चुटपुट लागते.

मी तीस वर्षं स्टुडिओ चालवलाय, त्या अनुभवावरून सांगतो. चिकट पानांचे, वर प्लॅस्टिक लावायचे अल्बम सोलापुरात घरोघरी होते. त्या गोंदाने फोटो पिवळे पडतात आणि काढायला गेलं की फाटतात. त्यात अडकलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन तर कधीच नको.

स्कॅन कमीत कमी ६०० डीपीआयला करा. तुमचे जुने फोटो साधारण तीन बाय चार इंचाचे असतील. ६००ला केलं तर गर्दीतला एकेक चेहरा वेगळा काढून मोठा करता येतो, आणि तुम्हाला नेमकं तेच लागणार आहे. वडिलांसमोर तेवीस माणसांचा फोटो ठेवू नका. एकेक चेहरा पोस्टकार्डाएवढा छापून ठेवा, मग बघा. फोटोच्या मागची बाजूपण स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, कागदाच्या कंपनीचं नाव, कुणी लिहिलेलं अक्षर, सगळं कामाचं असतं.

फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. आणि तो पत्र्याचा डबा आता बदला, गंज लागतो.

---

पूर्वभाग_अक्का | ९ डिसेंबर, दुपारी ३:३०

तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते.

आम्ही पद्मशाली, विणकर समाजाचे. घरी तेलुगू, शाळेत मराठी. अम्मा विड्या वळायची, नाना यंत्रमागावर. आमच्या बोळात नवरात्रात बतुकम्मा, म्हणजे आमच्या बायकांचा फुलांचा सण व्हायचा. आता शहराच्या पूर्व भागात मोठ्या मैदानावर स्पीकर लावून होते, तीपण छान होते. पण बोळातली वेगळी होती. आदल्या दिवशी आम्ही पोरी तरवडाची पिवळी फुलं आणायला रानात जायचो. तरवडाला आमच्यात तंगेडू म्हणतात, कुर्डूला गुनुगू. कुर्डूचे पांढरे तुरे रंगात बुडवून वाळत टाकायचे. पितळेच्या ताटात पानं अंथरून फुलांचे थरावर थर, वर निमुळतं होत जाणारं. शेंड्यावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. अम्मा थर लावताना कुणाशी बोलायची नाही. तर्जनीने प्रत्येक फूल आत दाबायची आणि ताट एक बोटभर फिरवायची, पुन्हा फूल, पुन्हा बोटभर. रात्री बायका गोल धरून टाळ्या वाजवत फिरायच्या.

अम्मा थकल्यावर मी तिला फोनवर रेकॉर्ड केलं. दोन तास. पण माझी मुलं मराठी बोलतात म्हणून मी प्रश्न मराठीत विचारले. तिने बिचारीने मराठीत उत्तरं दिली, लहान लहान, शाळेत दिल्यासारखी. "फुलं आणायचो. गाणी म्हणायचो. मग तलावाला जायचो." एवढंच. ती गेल्यावर मावशीकडे बसले होते आणि मावशी तेलुगूत बोलायला लागली. कुणाच्या सुनेने पहिल्या वर्षी थर लावला आणि तो वाटेत ढासळला, कोणती म्हातारी नवं कडवं जागच्या जागी रचायची, त्यात शेजारणीचं नाव गुंफायची. अम्मालाही हे सगळं माहीत होतं. मीच तिला परक्या भाषेत विचारलं.

तेव्हा ज्या भाषेत सण झाला त्याच भाषेत विचारा. सोलापुरात एका बोळात चार भाषा. कानडी शेजाऱ्याला कानडीत बोलू द्या, तुम्हाला येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा. भाषांतर नंतर कधीही होतं. आणि गाण्याच्या ओळीच्या शेवटी येणारं "उय्यालो" लिहून काय कळणार? ते ऐकायलाच हवं.

---

चारहुतात्मा | ९ डिसेंबर, रात्री ८:४७

साल लावण्याबद्दल सांगतो. म्हाताऱ्या माणसाला "कोणत्या साली?" असं विचारूच नका. सांगता आलं नाही की ते ओशाळतात आणि गप्प होतात. "दुष्काळाच्या आधी की नंतर?" असं विचारा, म्हणजे १९७२ सापडतं. "किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी चाळीतच होता का?" हा तर आपल्याकडे हमखास प्रश्न. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक नुकते पाठ टेकवत होते. त्या वर्षीच्या विसर्जनाची आठवण सोलापुरात प्रत्येकाला आहे.

माझ्या आजोबांच्या आठवणी मी अशाच लावल्या. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेची, कुठलीही गोष्ट सांगताना ते "फाशीच्या वर्षी" म्हणायचे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या सोलापूरच्या चार हुतात्म्यांना येरवड्यात १२ जानेवारी १९३१ला फाशी दिली, म्हणजे ऐन गड्ड्याच्या दिवसांत. तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. त्या वर्षी घरात शेंगापोळी झाली नाही, एवढं एकच वाक्य ते सांगायचे. आमच्या घरच्या वहीत ते पहिल्या पानावर आहे.

पावतीपुस्तक नीट बघा. प्रेसचं नाव खाली बारीक छापलेलं असतं, मंडळाचं "वर्ष १७ वे" असं काही असतं, कधी शक असतो. घरात जुनी पंचांगं असतील तर रद्दीत देऊ नका. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, त्यामुळे ते घरोघरी असायचं. आमच्याकडे त्याच्या समासात आजीने दुधाचा हिशेब, कुणाचं बाळंतपण, कुणाची मुंज, सगळं पेन्सिलने लिहिलंय.

---

सोन्नलगीकर | १० डिसेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज चेहरे मोठे करून छापून आणले. वडिलांना पाचावरून अकरा नावं आठवली.

एक रंगीत फोटो भूकंपाच्या आदल्या रात्रीचा निघाला. भूकंप म्हणताच ते सरळ बसले. "गणपती बोळवून आलो, गुलालाच्या अंगानंच झोपलो, आणि मांडणीवरची भांडी वाजायला लागली." हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आता एक कोडं. फोटो नंबर सहामध्ये उजवीकडे आपला मंडप दिसतो आणि समोरून मोहरमची पंजाची सवारी चाललीय, मोरचेल, ताशे, सगळं. वडील म्हणतात, "त्या वर्षी दोन्ही एकत्र आले होते." याचं साल कसं लावायचं?

---

विजापूर_वेस | १० डिसेंबर, रात्री १०:०२

सलाम भाई. हे मी सांगतो, माझ्या अब्बांमुळे मला पाठ आहे.

मोहरम चांद्र वर्षाने मागे मागे सरकतो. गणपतीपण तिथीवर चालतो, म्हणजे तोही चंद्रावरच. फरक फक्त अधिक महिन्याचा. अधिक महिना आला की गणपती पुढे ढकलला जातो, मोहरम थांबत नाही. त्यामुळे साधारण ३३ वर्षांनी दोन्ही गाठतात आणि पुढचा अधिक महिना येईपर्यंत दोन-तीन वर्षं सोबत चालतात. १९८५, १९८६ आणि १९८७ ही ती वर्षं. त्यानंतर थेट २०१८, २०१९ आणि २०२०. मोहरमची दहावी आणि अनंत चतुर्दशी एक-दोन दिवसांच्या अंतराने. म्हणजे तुमचा फोटो त्या पहिल्या तिनांतला.

त्या वर्षांची आमच्या घरची आठवण म्हणजे मिरवणुकीचा रस्ता. दोन्हीकडची मोठी माणसं एका ओट्यावर बसून वेळ ठरवायची. कुणी आधी जायचं, कुठे ताशा थांबवायचा. सवारीपुढे नारळ फोडायला आणि ऊद घालायला गणपती मंडळाचीच माणसं असायची. अब्बा त्या ओट्यावर बसायचे. ओटा रस्ता रुंद करताना गेला. तुमच्या फोटोत तो दिसतो का, पायऱ्या असलेला? दिसत असेल तर मला फक्त तेवढा तुकडा पाठवा. माझ्याकडे अब्बांचा त्या काळातला एकही फोटो नाही.

---

निळी_पताका | ११ डिसेंबर, सकाळी ७:१५

हा धागा रोज वाचतोय. एक गोष्ट खटकली म्हणून लिहितो, राग मानू नका.

आमच्या वस्तीत कॅमेरा नव्हता. १४ एप्रिलची मिरवणूक आमचा सगळ्यात मोठा सण, आणि माझ्या लहानपणच्या मिरवणुकीचा एकही फोटो आमच्या घरात नाही. म्हणून मी दुसरा मार्ग धरला. आईला रिक्षात बसवून मिरवणुकीच्या रस्त्याने हळूहळू नेलं. "इथं पाण्याचे रांजण ठेवायचे." "इथं तुझ्या बापानं मला पहिल्यांदा बघितलं." "हितनं पुढं आमाला कुणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून हितं आवाज वाढवायचे." मग घरी येऊन ड्रॉईंग पेपरवर नकाशा काढला, त्यावर तिची वाक्यं जिथल्या तिथं लिहिली. आमच्या घरचा अल्बम तोच.

आता खटकलेलं. माझे चुलते हलगी वाजवायचे. चाळीचाळींतून, पेठांतून गणपतीला त्यांना बोलावणं असायचं. लेझमीचे डाव हलगीवर चालतात, हलगी थांबली की लेझीम थांबली. पण फोटो काढायच्या वेळी, "वाजवणाऱ्यांनो, जरा बाजूला व्हा." हे मी स्वतः ऐकलेलं आहे. प्रसाद त्यांना मंडपाबाहेर. सोन्नलगीकर, तुमच्या नऊ फोटोंत वाजवणारा कुणी आहे का? तुम्ही तेवीस नावं शोधताय, चोविसावाही शोधा. आणि तो फोटोत का नाही तेही तुमच्या लेकीसाठी लिहा. नाहीतर तिला वाटेल गणपती आपोआप वाजतगाजत गेला.

---

पेठकरी | ११ डिसेंबर, सकाळी ९:४०

निळी पताका, तुमचं खरं आहे. पण घरच्या वहीत असं सगळं कडू लिहून पुढच्या पिढीला काय मिळणार? आमच्या मंडळात हिशेबावरून भांडणं झाली, दोन मंडळं झाली. मी ते वगळलंय. चांगलं तेवढं राहावं असं मला मनापासून वाटतं.

---

पूर्वभाग_अक्का | ११ डिसेंबर, दुपारी २:१०

पेठकरी अण्णा, तुमची भावना समजते. पण अम्माची वाक्यं शाळेतल्यासारखी झाली ती अशाच गोड गोड बोलण्याने. मावशीने ढासळलेल्या थराची गोष्ट सांगितली तेव्हाच ती सून मला डोळ्यांसमोर दिसली. लिहून ठेवा. ज्याला दुखेल त्याचं नाव झाका, पण घडलेलं झाकू नका.

---

सोन्नलगीकर | ११ डिसेंबर, रात्री ११:३०

निळी पताका, तुमचं वाचून मी नऊही फोटो स्क्रीनवर मोठे करून कडा बघितल्या. इतके दिवस मी फक्त मधे बघत होतो.

फोटो नंबर चार, लेझमीचा. मधे वडील वाकलेले, लेझीम पायांजवळ, मागे पोरांच्या दोन रांगा. डाव्या कडेला, जिथे फोटो संपतो तिथे, एक हात आहे. मनगटापर्यंतच. मनगटात काळा दोरा, पंजात हलगीची कड, दुसऱ्या हातातली बारीक काडी कातड्यावर टेकलेली. बाकी माणूस चौकटीबाहेर.

मी वडिलांना उठवलं नाही. सकाळी विचारतो.

---

सोन्नलगीकर | १२ डिसेंबर, दुपारी १२:५०

विचारलं. हाताचा तुकडा छापून समोर ठेवला. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. म्हणाले, "ह्या काडीला पुढं चिंधी बांधलेली असायची. डावखुरा व्हता त्यो." मग वस्ती सांगितली. नाव आठवत नाही म्हणाले, आणि जरा वेळाने, "आमी त्याला नावानं हाक मारतच नव्हतो." त्यानंतर जेवले नाहीत नीट.

---

काठीचा_सराव | १२ डिसेंबर, रात्री ९:१५

सोन्नलगीकर, एक सुचवतो. सध्या गड्ड्यासाठी नंदीध्वजांचा, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांचा सराव सुरू आहे. सात काठ्या आणि सातांचे मान वेगवेगळ्या समाजांचे, त्यामुळे सरावाला सगळ्या पेठांतली, वस्त्यांतली जुनी माणसं येऊन बसतात. ज्यांच्या खांद्यांनी आता काठी पेलत नाही ती मंडळी कडेला खुर्ची टाकून नव्या पोरांना "कंबर सोडू नको" म्हणून ओरडत असतात. तिथे वडिलांना घेऊन जा. घरात बसून जे आठवत नाही ते "हर्र बोला हर्र"चा गजर कानावर पडल्यावर आठवतं. माझ्या काकांच्या बाबतीत हे झालंय. अर्धांगवायूनंतर ते फारसं बोलत नव्हते, पण सरावात बाराबंदीचे, म्हणजे काठीवाल्यांच्या पांढऱ्या अंगरख्याचे, बंद कोण कसे बांधायचा ते हाताने करून दाखवलं.

जाताना फोटोंच्या छापील प्रती न्या, मूळ नको. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग चालू करून खिशात न ठेवता समोर ठेवा, सांगून. गर्दीत आवाज मिसळतात, म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री ऐकून कोण काय बोललं ते लिहा. दुसऱ्या दिवशी आवाज ओळखू येत नाहीत.

---

डार्करूम | १२ डिसेंबर, रात्री १०:००

रेकॉर्डिंगवरून आठवलं. कुणाकडे मेळ्याच्या, भजनाच्या कॅसेट असतील तर वाजवायच्या आधी वरच्या कडेच्या दोन छोट्या खुट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकूनही त्यावर नवं रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर अजिबात वाजवू नका, जाणकाराकडे न्या. आणि कॉम्प्युटरवर घेतल्यावर कॅसेट टाकू नका.

---

विजापूर_वेस | २१ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

सोन्नलगीकर भाईंनी तुकडा पाठवला. ओटा आहे. पायऱ्यांवर पाच माणसं बसलीत, चेहरे धूसर आहेत. शेवटचा माणूस एक पाय दुमडून बसलाय. अम्मी म्हणाली, अब्बा असेच बसायचे. अम्मीने तो कागद कुराण ठेवतो त्या फळीवर ठेवलाय.

---

सोन्नलगीकर | १५ जानेवारी, रात्री ११:४५

बरेच दिवस लिहिलं नाही. काल गड्ड्यात सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याच्या अक्षता झाल्या, आज होम. वडिलांना सरावाला तीनदा नेलं. पहिल्या दोन खेपांना कुणी ओळखलं नाही. तिसऱ्या खेपेला एका आजोबांनी फोटो चार हातात घेतला, लांब धरला आणि काळा दोरा बघून म्हणाले, "ह्यो आमच्या गल्लीतला." नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. गृहस्थ जाऊन खूप वर्षं झाली. नात आहे, दवाखान्यात नर्स आहे.

काल अक्षतेनंतर तिला, अक्षता होतात त्या संमती कट्ट्याजवळ भेटलो. ती ड्युटीवरून तशीच आली होती. तिला फोटो दाखवला. तिने विचारलं, "एवढाच हात?" मी हो म्हणालो. तिने मोबाईल काढून स्वतःचा हात त्याच्या शेजारी धरला आणि फोटो काढला. मग म्हणाली, आजोबा डावखुरे होते हे तिला माहीत नव्हतं, तीपण डावखुरी आहे. घरात दुसरं कुणीच डावखुरं नाही म्हणून तिला लहानपणी ओरडा बसायचा.

वडील शेजारी उभे होते. त्यांनी तिला तिळगूळ दिला आणि तिच्या आजोबांचं नाव घेऊन बोलले. पूर्ण नाव.

फोटोच्या मागे आता ते पेन्सिलने लिहिलंय. इथे लिहीत नाही, तिने घरी विचारून सांगते म्हटलंय. तेविसांतली एकोणीस नावं झाली आहेत. चार राहिलीत. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा, पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, कानात भिकबाळी असलेला. तो साच्यावरचा शेजारी. १९८० ते ९० च्या दरम्यान मिलच्या चाळींत कुणी राहिलं असेल तर मला निरोप पाठवा, मी चेहरा पाठवतो.